दुसऱ्याच्या हातचं पत्र

इकडे ये, बस अशी जवळ. समोर नाहीस हे मला माहीत आहे, तरी बस. आणि आधी चार शब्द ऐकून घे. बापाची पत्रं अशी पाठवतात का गं? फोनवर एकोणीस फोटो, निम्मे आडवे, एकावर तुझ्याच अंगठ्याची सावली, आणि खाली दीड ओळ: 'मावशी, आईला आता अक्षर दिसत नाही. ती म्हणते तूच वाच. बोलून पाठव.' पापड मागवल्यासारखं. दोन दिवस मी काही बोलले नाही, तर वर आणखी एक प्रश्नचिन्ह पाठवलंस.

अगं, 'तूच वाच' हे तुझ्या आईने म्हणावं, याचा अर्थ तुला ठाऊक नाही. चाळीस वर्षांत तिने मला तिचं एकही पत्र वाचू दिलेलं नाही. का, ते तिने तुला सांगितलेलं दिसत नाही. ती सांगणारही नाही, तिचा तो स्वभावच नाही. म्हणून मी लिहिते. चूक माझी होती, तेव्हा सांगायचं कामही माझंच.

तू दीड वर्षांची होतीस. बोरिवलीच्या अलीकडे हायवेला लागून लष्कराचा डेपो होता आणि त्याच्या मागे जुन्या बराकी. ज्यांचे नवरे वर बर्फात चौकीवर गेलेले, जिथे बायकापोरं नेता येत नाहीत, त्यांना तिथे खोल्या मिळायच्या. गावाकडचे लोक म्हणायचे, बाई मुंबईला राहते, मजा आहे. कसली मुंबई आणि कसलं काय. मागे भिंत, भिंतीपलीकडे म्हशींचे तबेले, बाजूला डोंगर आणि समोर गेट. गेटबाहेर जायचं तर पास हवा, पासावर सही हवी, आणि सही करणारा, गेटवरचा नाईक, नेमका जेवायला गेलेला. विक्रोळीला माझी आत्या होती, कंपनीच्या चाळीत. तिच्याकडे जायचं म्हणजे एक बस हायवेने, दुसरी पवईवरून, आणि पोचून चहा होतो न होतो तोवर परत फिरायचं, कारण सहाच्या आत गेटात. दोनदा गेले, मग सोडून दिलं.

गावी, कणकवलीकडे, जाऊन राहावं तर तेही नको वाटे. लग्नाला सहा वर्षं झालेली, पदरात काही नाही. तिकडे रोज कोणीतरी नवीन वैद्य, नवीन नवस सुचवणार आणि सासूबाई माझ्याकडे बघत 'हो हो' म्हणणार. तेव्हा इथेही कोंडलेली आणि तिथेही कोंडलेली. निदान इथे दर पंधरा दिवसांनी ह्यांचं पत्र यायचं.

आपली खोली तुला आठवायची नाही. खोली एकच होती खरं तर. लांबलचक, वर पत्रे. मधे प्लायवूड ठोकून तिच्या दोन केल्या होत्या. अलीकडे मी, पलीकडे तुझी आई. प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं, वर हातभर फट. दारं दोघींना वेगळी, पण नळ माझ्या बाजूला आला, खिडकी सगळीच्या सगळी तुझ्या आईच्या बाजूला. म्हणजे तिला पाणी माझ्या दारातून, आणि मला वारा तिच्या खिडकीतून, त्या फटीवरून. कुणी मुद्दाम बसून आखलं असतं तरी असं जमलं नसतं.

नवऱ्यांचंही तसंच. आमचे हे मालवणी, तुझे बाबा साताऱ्याकडचे, पण पलटण एक, सेक्शन एक, तंबू एक आणि बर्फात चालताना दोरही एक. पुढचा माणूस भेगेत गेला तर मागच्याने धरून ठेवायचा, त्यासाठी कमरेला दोर. आमचे हे पुढे, तुझे बाबा मागे. आणि आपली गाठ आपण बांधायची नाही, जोडीदाराने बांधायची. हा हुकूम कुणी दिलेला नव्हता. त्यांची आपसातली रीत. ज्याच्या हातात आपला जीव त्याच्याच हातची गाठ, म्हणजे तो ती सैल बांधणार नाही.

आता वाचण्याचं ऐक. मी शाळेत गेलेली नाही. भावाच्या पाटीवर आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकले. तुझ्या आईला तेही मिळालं नाही. मग तिची पत्रं मी वाचायची. दुपारी भांडी झाली की ती तुला कडेवर घेऊन यायची, इनलँड माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. नवऱ्याचे शब्द दुसऱ्या बाईच्या तोंडून ऐकताना तिला लाज वाटायची. मला सुभेदारीण काकींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्या बराकीतल्या सगळ्यात वयस्क, त्यांचा शब्द म्हणजे शब्द. म्हणाल्या, "वाचणाऱ्या बाईने वाचायचं आणि विसरायचं. आणि भांडलात तर भिंतीच्या आत भांडा. पाकिटात भांडण घालू नका. तिकडे त्यांच्याकडे ठेवायला जागा नसते."

मी दोन्ही मोडलं.

एका पत्रात तुझ्या बाबांनी लिहिलं होतं: 'जोडीदार अजून बर्फावर पाय टाकताना देवाचं नाव घेतो, भितं बिचारं. पण मी आहे.' मी ते वाचलं आणि आम्ही दोघी हसलो. तुझी आई म्हणाली, "भूक लागल्याबिगर द्येवाचं नाव घेत न्हाईत आमचे हे. तुमचे बरे." तेवढ्यावर विषय संपला.

मग चैत्र आला. पत्रे असे तापायचे की दुपारी खोलीत बसलं तर डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. गोराईची एक कोळीण बुधवारी गेटवर सुके बोंबील घेऊन यायची. मी चार बोंबील घेतले आणि चुलीवर भाजले. आता तुझी आई माळकरी, तिला तो वास म्हणजे शिक्षा. एरवी ती पदर नाकाला लावून तुला घेऊन बाहेर जायची. त्या दिवशी तुला ताप होता, बाहेर नेता येत नव्हतं. फटीवरून आवाज आला.

"आगं ए, मेलेलं जाळतीयास का काय? लेकरू वकतंय हितं."

मी म्हटलं, "खिडकी तुझ्याकडेच आहे ना? तिथे तोंड लाव."

"खिडकी हाय म्हनून तू जगतीयास. लावून घेतली तर कळंल."

"आणि पत्रं कोण वाचतं गं तुझी? तेव्हा येतो का वास? काळं अक्षर बघायला तर माझ्याच दारात येतेस."

मग ती अगदी सावकाश म्हणाली, "वाच की. तुला काय, येळच येळ. पोर हाय का रडायला?"

आणि खिडकी बंद झाल्याचा आवाज आला.

मी बोंबील तसेच टाकले आणि इनलँड काढलं. बारीक अक्षरात दोन्ही बाजू भरल्या. तिने मला काय म्हटलं ते सगळं लिहिलं. मी काय म्हटलं ते लिहिलं नाही. आणि शेवटी, समासात, जिथे जागा उरली तिथे: 'तुमचा जोडीदार तुम्हांला भित्रा म्हणतो. बायकोला तसं लिहितो. मी माझ्या डोळ्यांनी वाचलंय.' 'पण मी आहे' हे तीन शब्द मी गाळले. विसरून नाही गं. लिहिताना आठवत होते, पेन थांबलंही होतं क्षणभर. तरी गाळले.

पत्र पेटीत पडलं आणि पंधरा मिनिटांत मी परत पेटीकडे धावले. पेटीला कुलूप, किल्ली नाईकाकडे. त्याला काय सांगणार, माझं पत्र परत दे? का, म्हणाला तर? त्याने सुभेदारीण काकींना सांगितलं असतं. मी पेटीशेजारी उभी राहिले, मग घरी आले.

पुढचे सहा आठवडे कसे गेले ते मला सांगता येत नाही, पण एकेक गोष्ट आठवते. खिडकी बंदच. फटीवरून वारा नाही, नुसती पलीकडच्या चुलीची धग. पाणी सकाळी पाऊण तास यायचं, तेव्हा तुझी आई हंडा घेऊन माझ्या दारात यायची. ती माझ्याकडे बघायची नाही, मी तिच्याकडे नाही. नळाखाली हंडा भरायला किती वेळ लागतो, मला तेव्हा कळलं. प्लायवूडपलीकडे तू दुडदुडायचीस, कधी फळीवर थाप मारायचीस, आणि पूर्वी मी इकडून थाप द्यायचे ती आता द्यायची नाही. तू दोनतीनदा मारून थांबायचीस.

आणि पत्र नाही. पंधरा दिवस नाही, महिना नाही. नाईक म्हणाला, "वहिनी, तार आली नाही ना? मग बरं आहे." त्याचं खरं होतं. पण मी हिशेब करत बसायचे की माझं पत्र आता पोचलं असेल, आता त्यांनी फोडलं असेल. दोघं एका तंबूत, बाहेर बर्फ, जाणार कुठे. आणि सकाळी दोर बांधायचा. गाठ कोण बांधत असेल?

सहाव्या आठवड्यात नाईकाने आमच्या दोन्ही खोल्यांचे नंबर पुकारले. दोघींना पत्रं. मी घेतलं आणि पत्ता पाहिला.

अक्षर ह्यांचं नव्हतं. ह्यांचं अक्षर तिरकं, घाईचं, वरची रेघ अर्धी सुटलेली. हे गोल होतं, एकेक अक्षर वेगळं काढलेलं आणि शेवटी वरून एक सरळ रेघ ओढलेली, पट्टी लावल्यासारखी. दोन वर्षं मी ते अक्षर वाचत होते. तुझ्या बाबांचं. आत मजकूर ह्यांचाच होता, खुशाली, लोणचं पोचलं, आत्याला नमस्कार. माझ्या पत्राबद्दल अवाक्षर नाही. आणि आपण का लिहिलं नाही, याबद्दलही नाही.

आदल्या हिवाळ्यात तिसऱ्या बराकीतल्या एकीचा नवरा परत आला, तो उजव्या हाताची तीन बोटं वरच ठेवून. थंडीने गेली. त्याआधी तिला दोन पत्रं दुसऱ्याच्या हातची आली होती, त्यातही खुशालीच लिहिली होती. तेव्हा मला काय वाटलं असेल सांग. पत्रं साहेबाच्या नजरेखालून यायची, वाईट काही लिहू देत नसत. मी ते पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, उजेडात धरलं. हात गेलाय. की भेगेत पडलेत? की गाठ सुटली, आणि मी ती सोडली?

चार दिवस मी ते पोलक्यात घालून फिरले. कुणाला विचारू? काकींना विचारायचं तर पाकिटात काय घातलं होतं तेही सांगावं लागणार. आणि फळीपलीकडे जिच्या नवऱ्याने हे लिहिलं ती बसलेली, तिचं पत्र आलेलं, ते वाचायला तिला कोणी नाही. तिची पावलं मला ऐकू यायची. खिडकीपासून फळीपर्यंत, फळीपासून खिडकीपर्यंत.

पाचव्या दिवशी सकाळी ती नळावर आली. हंडा लावला. भरला, वाहू लागला, तरी ती उठेना. मग तिने कनवटीचं इनलँड काढलं, माझ्या पिठाच्या डब्यावर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

"वाचू नगंस," ती म्हणाली. "निस्तं वरचं बघ. माझं नाव न्हेमी गोल असतंय, भाकरीवानी. हे तसं न्हाई. कुनी लिवलंय?"

मी पाहिलं. तिरकं, घाईचं, वरची रेघ अर्धी सुटलेली. तुझ्या आईच्या नावावर, माझ्या नवऱ्याच्या हातचं.

मी खाली बसले. तिला वाटलं वाईट बातमी. तिने माझा दंड असा धरला की नंतर आठवडाभर बोटं उमटलेली होती. "सांग. काय झालं त्येंना, सांग. हात गेला का?"

मी पोलक्यातून माझं पत्र काढलं आणि तिच्यापुढे धरलं. "हे कुणाचं आहे बघ."

तिने बोट ठेवलं त्यावर. एकेका अक्षरावरून फिरवलं, मग वरच्या रेघेवरून. वाचता येत नव्हतं, पण ती रेघ तिला ओळखू आली. "आमच्या ह्येंचं," ती म्हणाली. "तुझ्याकडं कसं?"

चार दिवस, अगं. तिच्या नवऱ्याचा हात धड आहे याचा पुरावा माझ्या पोलक्यात, आणि माझ्या नवऱ्याचा तिच्या कनवटीला. मधे एक प्लायवूड.

मग तिने वाच म्हटलं. मी वाचलं. तुझ्या बाबांचे शब्द ह्यांच्या हातचे. खुशाली, तू बोलायला लागलीस का, तुला दात किती आले. आणि शेवटी: 'शेजारणीला सांग, जोडीदाराची काळजी करू नको. थोडं भितं, पण मी आहे.' हे वाक्य आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. 'भितं' या शब्दावर पेन जरा दाबलेलं दिसत होतं.

तिथे मी तिला सगळं सांगितलं. समासात काय लिहिलं, काय गाळलं. ती ऐकत होती. नळ बंद झाला, पाणी गेलं. मला वाटलं ती शिव्या घालेल, मला बरं वाटलं असतं. ती उठली, पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली.

"माझी पत्रं आता तू वाचायची न्हाईस," ती म्हणाली. "मला शिकीव."

दुपारी फटीवरून वारा आला. खिडकी उघडल्याचं मला आधी कळलंच नाही.

ती मृगापासून शिकायला बसली आणि दिवाळीपर्यंत स्वतःचं पत्र स्वतः वाचू लागली. तू मधे बसून खडू खायचीस. माफ केलं वगैरे ती मला काही म्हणाली नाही आणि मीही माफी मागितली नाही. एक अक्षर शिकवायचं, ते तिने पाटीवर दहादा काढायचं, मग चहा. पत्र आलं की ती फळीपलीकडे जायची आणि मोठ्याने अडखळत वाचायची. मी इकडे भांडी वाजवायचे, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

वर काय झालं होतं ते आम्हाला दोघं रजेवर आले तेव्हा कळलं. आले ते एकत्रच, एकच ट्रंक दोन कड्यांना धरून. चहा झाल्यावर आमच्या ह्यांनी सांगितलं.

माझं पत्र पोचल्यावर हे तुझ्या बाबांशी बोलायचे बंद झाले. कारण सांगितलं नाही. दुसऱ्या सकाळी स्वतःची गाठ स्वतः बांधली. ते बघून तुझ्या बाबांनीही स्वतःची स्वतः बांधली. सेक्शनमध्ये एक जुना हवालदार होता, सगळे त्याला उस्ताद म्हणायचे. त्याने दोन दिवस नुसत्या गाठी बघितल्या. साहेबाकडे रिपोर्ट केला असता तर दोघांच्या कागदाला डाग लागला असता, म्हणून असलं काही वर जायचंच नाही, तंबूतच मिटवायचं. साध्या भांडणाला दोघांत एकच पत्र्याचा मग द्यायचे. चहा त्यातूनच प्यायचा, एक घोट याचा, एक त्याचा. त्याहून मोठं असेल तर याचा बोजा त्याच्या पाठीवर आणि त्याचा याच्या. पण उस्ताद म्हणाला, "तुम्ही गाठीवर गेलात. तुम्हाला नुसता मग पुरायचा नाही. आता याचं घरचं पत्र तो लिहिणार आणि त्याचं हा. जोवर गाठ परत एकमेकांची बांधत नाही तोवर."

तुझे बाबा हसत म्हणाले, "वहिनी, बायकूला काय लिवायचं ते दुश्मनाला सांगायचं. पंधरा दिवस तोंडातनं शब्द फुटंना. म्हनून तर उशीर झाला."

"आणि हा सांगतो काय," आमचे हे म्हणाले, "तर लेकीला दात किती आले. मी मान खाली घालून लिहितोय. पुढे म्हणाला, लिही, जोडीदार थोडं भितं, पण मी आहे. माझं पेन थांबलं. म्हटलं, हे तू आधीही लिहिलं होतंस काय रे? म्हणाला, मागंबी हेच लिवलं हुतं की."

मग ह्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही, तेव्हाही नाही, नंतर विक्रोळीला वॉचमनची नोकरी करत होते तेव्हाही नाही, जायच्या आधीही नाही. तुझे बाबाही काही बोलले नाहीत. तंबूत मिटलं ते मिटलं. मला मात्र त्यांनी तंबूत घेतलं नव्हतं, माझं मलाच मिटवायचं होतं. ते काही मिटलं नाही. तुझी आई दर दिवाळीला मला करंज्या पाठवते, माझ्या आजारपणात महिनाभर इथे मुलुंडला येऊन राहिली, पण पत्रांचा गठ्ठा साताऱ्याहून कधी आणला नाही. मीही कधी विषय काढला नाही. आणि आता म्हणते, तूच वाच.

तर ऐक. फोनवर बोलून मी काही पाठवणार नाही. ती पत्रं मला तिच्यासमोर वाचायची आहेत, ती भिंतीकडे तोंड करून बसली तरी चालेल. पहिलं ते वाचीन, ज्यातले तीन शब्द मी गाळले होते. ते पूर्ण वाचीन, मोठ्याने. तुझ्या बाबांच्या हातचं जे एक माझ्याकडे आहे ते मी ट्रंकेतून काढून ठेवलंय. ते तुला देईन, आणि आमच्या ह्यांच्या हातचं ते तिरकं तेवढं मला द्या.

खिडकीजवळची खाट झटकून ठेवली आहे. बोंबील करणार नाही. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या, पण त्याहून लांबवू नकोस. तिला घेऊन ये.